फूल, कांती आणि करवीर

रंगपंचमीच्या दिवशी कोल्हापुरात जो एकदा सापडला, त्यास ह्या नगराच्या उत्साहाविषयी अधिक सांगणे नलगे. अनेक ठिकाणी होळीच्या दुसऱ्याच दिवशी रंगाचा खेळ आटोपतो. येथे खरा खेळ फाल्गुन वद्य पंचमीस. त्या दिवशी दुपारपर्यंत रस्ते, भिंती आणि माणसे एकाच रंगाची होऊन जातात, आणि सायंकाळी घरोघरी अंग घासण्याचा दुसरा सोहळा सुरू होतो. कोणाची त्वचा जळजळते, कोणाच्या मानेवर पुरळ उठते, कोणाचे कान आठवडाभर जांभळे राहतात. ह्याच सुमारास माळावर आणि घाटाकडच्या वाटांवर पळस फुललेला असतो. ज्या फुलांच्या पाण्याने एके काळी हा सण साजरा होत असे, ती फुले झाडाखाली पडून सुकतात. आणि जळजळणाऱ्या मानेसाठी फुलांचेच चित्र छापलेली मलमाची डबी दुकानातून विकत आणली जाते. ह्या एका दिवसाच्या विसंगतीमागे बराच मोठा इतिहास उभा आहे. फुलातील कोणते द्रव्य मनुष्याच्या त्वचेस उपयोगी पडते, हे आमच्या पूर्वजांस कितपत ठाऊक होते, ते ज्ञान कोणत्या वाटेने आमच्यापर्यंत आले आणि कोठे हरवले, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभ ह्या नगराच्या नावापासूनच करू. कोल्हापूरचे पुराणप्रसिद्ध नाव करवीर. ते कशावरून पडले ह्याविषयी माहात्म्यग्रंथांत कथा आहेत आणि विद्वानांत मतभेद आहेत. त्या वादात शिरण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. परंतु संस्कृतात करवीर म्हणजे कण्हेर, हे मात्र निर्विवाद. चरकाने निरनिराळ्या कार्यांसाठी दहा दहा द्रव्यांचे जे गण सांगितले आहेत, त्यांपैकी कुष्ठघ्न गणात खैर, हळद, सातवीण, बाहवा इत्यादिकांच्या पंक्तीस हा करवीर बसला आहे. आयुर्वेदातील कुष्ठ ह्या शब्दाचा अर्थ केवळ महारोग असा नसून त्वचेच्या नाना जुनाट विकारांस तो लावला जातो, हेही येथे सांगितले पाहिजे. कण्हेरीचे सर्वांग विषारी आहे. तिच्यातील ओलिअँड्रिन हे द्रव्य थेट हृदयाच्या गतीवर आघात करते. म्हणून जाणते वैद्य तिच्या मुळांचा व पानांचा उपयोग शोधन करून, तोही विशेषेकरून लेपात आणि तेलात, बेताने करीत आले. फूल मात्र त्यांनी देवाच्या पूजेस सोडून दिले.

एकाच झाडाची ही वाटणी आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. मूळ वैद्याकडे, फूल देव्हाऱ्याकडे! त्वचेच्या बाबतीत प्राचीन वैद्यकाचा कल असाच दिसतो. चरकाचा वर्ण्य गण, म्हणजे कांती उजळणाऱ्या दहा द्रव्यांचा समूह, उघडून पाहावा. त्यात चंदन, पद्मक, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा अशी नावे आढळतात; काष्ठे आणि मुळे ह्यांचाच त्यात भरणा आहे. टीकाकार ज्यास पुन्नाग समजतात तो तुंग काय तो फुलाशी नाते सांगणारा. वैद्यांनी फुले वापरलीच नाहीत असे कोणी समजू नये. केशर हा तर फुलातील किंजल्क, आणि कुंकुमादी तेलात त्याचे स्थान पहिले. तथापि त्वचेची चिकित्सा करणाऱ्याचा मुख्य भरवसा मुळांवर आणि सालींवर होता.

मग फुले त्वचेपर्यंत आली कोणत्या दाराने? आमच्या मते ती सुगंधाच्या दाराने आली. वैद्यकाच्या शेजारी आमच्याकडे दुसरे एक शास्त्र नांदत होते. त्याचे नाव गंधशास्त्र, आणि ते जाणणारा तो गांधिक. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत ग्रहनक्षत्रे, वास्तू आणि रत्ने ह्यांच्या बरोबरीने गंधयुक्तीस एक संपूर्ण अध्याय दिला आहे. सोळा द्रव्यांतून चार चार निवडली असता १,८२० मिश्रणे होतात, हे त्याचे गणित बरोबर आहे. परंतु त्याहूनही मनोरंजक गोष्ट निराळीच आहे. चाफ्याच्या गंधाचे तेल कसे करावे हे सांगताना त्याने मंजिष्ठा, व्याघ्रनख, शुक्ती, दालचिनी, कोष्ठ अशी द्रव्ये तेलात घालून उन्हात तापविण्यास सांगितले. चाफ्याचे फूल त्यात नाहीच! दुसऱ्या एका योगात तमालपत्र, ऊद, वाळा आणि तगर ह्यांच्या एकाच पायावर एखादे द्रव्य बदलून बकुळ, कमळ, चाफा असे गंध उभे केले आहेत. फुलावाचून फुलाचा वास निर्माण करणे हे आधुनिक कारखानदारांचे पाप आहे असे मानणाऱ्यांनी ह्या अध्यायाकडे एकवार पाहावे. हा उद्योग किमान चौदा शतके जुना आहे. फरक इतकाच, की वराहमिहिराने काय घातले ते श्लोकात स्पष्ट सांगून टाकले.

आता आपण करवीरच्या परिसरात येऊ. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे शिलाहारांचे राज्य होते आणि गंडरादित्य हा त्यांतील नामांकित राजा गादीवर होता. शिलाहार हे कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. त्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११२९ मध्ये मानसोल्लास नावाचा शंभर अध्यायांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. राजाने राज्य कसे मिळवावे येथपासून त्याने जेवावे काय, ल्यावे काय, खेळावे काय येथपर्यंत सर्व काही त्यात आहे. मराठी वाचकांस त्याची विशेष ओळख आहे ती त्यातील गीतांच्या प्रकरणात जुन्या मराठीतील काही ओळी सापडतात म्हणून. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेल्या ह्या ग्रंथाचा पहिला भाग १९२५ साली बाहेर आला. आमच्या भाषेचा इतिहास शोधणाऱ्यांनी त्या ओळी वाचल्या. परंतु त्याच ग्रंथातील स्नानभोग आणि विलेपनभोग ह्या प्रकरणांकडे मराठीत त्या मानाने फारच थोड्यांची दृष्टी गेली.

स्नानभोगात राजाच्या अभ्यंगाचे वर्णन आहे. त्यासाठी जे तेल सांगितले ते साधे तिळाचे तेल नव्हे. केतकी, पुन्नाग, चाफा अशा फुलांनी वासित केलेल्या तिळांचे ते तेल. अभ्यंगानंतर चूर्णांचे उटणे, मग स्नान, आणि स्नानोत्तर अंगास उटी. विलेपनभोगात ही उटी ऋतुमानाप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात शीत द्रव्ये, हिवाळ्यात केशरकस्तुरीसारखी उष्ण द्रव्ये, असा क्रम आहे. आमच्या घरांतून दिवाळीच्या पहाटे जे अभ्यंगस्नान होते, ते ह्याच परंपरेचे घरगुती आणि गरिबीतले रूप म्हणावयास हरकत नाही. सुवासिक तेल, मग उटणे, मग ऊन पाणी हा क्रम आजही जसाच्या तसा टिकून आहे. अंबाबाईच्या देवालयाच्या बाह्यांगावर ज्या नटलेल्या सुरसुंदरी कोरल्या आहेत, त्या पाहताना हे प्रकरण ज्यास आठवेल त्यास त्या दगडातही थोडा दरवळ लागेल.

राजेरजवाड्यांच्या भोगांची ही गोष्ट झाली. परंतु ही विद्या दरबारात कोंडलेली नव्हती, ह्याचा पुरावाही उपलब्ध आहे, आणि तो मराठीशी निगडित आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे ह्यांनी १९४० च्या दशकात गंधशास्त्राचे एक जुने हस्तलिखित प्रकाशात आणले. त्यात गंगाधराचा गंधसार आणि गंधवाद नावाचा दुसरा ग्रंथ, असे दोन ग्रंथ होते. आणि ह्या गंधवादावर मराठी टीका आहे! सुगंधी द्रव्ये कशी सिद्ध करावीत हे कोणीतरी कोणासाठी तरी आपल्या मराठीत लिहून ठेवावे, ह्याचा अर्थ ती वाचून काम करणारा मनुष्य संस्कृत पंडित नव्हता, धंद्यातला होता. गोडे ह्यांनी ह्या हस्तलिखितावर निबंध लिहिले, भारतीय प्रसाधनांच्या इतिहासाचा पाया घातला, आणि १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले. मूळ ग्रंथ छापून निघण्यास १९८९ साल उजाडावे लागले, आणि तेही बडोद्यास. मराठी टीका असलेला हा ग्रंथ आजही मराठी वाचकास जवळपास अपरिचित आहे, ही गोष्ट आम्हांस भूषणावह वाटत नाही.

गंधसारात सुगंधी द्रव्ये सिद्ध करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. चूर्णास रसाची पुटे देणे ते भावन, शिजविणे ते पाचन, धुरी देणे ते धूपन, आणि फुलांच्या सहवासात ठेवून गंध उतरविणे ते वासन. बोध आणि वेध ह्यांत तयार द्रव्याचा दबलेला गंध दुसऱ्या द्रव्यांच्या योगाने जागा करावयाचा आणि तीव्र करावयाचा असतो. सहांपैकी एक संपूर्ण क्रिया फुलांसाठी राखून ठेवली आहे आणि तीत अग्नीचा संबंध नाही, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. ह्याचे मर्म काय, ते समजण्यास आधुनिक रसायनशास्त्राकडे जावे लागते.

मोगरा आणि जाई ही फुले खुडल्यावरही काही काळ जिवंत असतात आणि गंध निर्माण करीतच राहतात. सायंकाळी खुडलेल्या कळ्या रात्री घरात उमलतात आणि पहाटेपर्यंत घमघमतात, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. फ्रान्समधील ग्रास ह्या गावी काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर जाईची फुले पसरण्याची रीत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्बर्ट हेसे ह्या जर्मन रसायनज्ञाने मोजून दाखविले, की फुले एकदम द्रावकात बुडवून जितके सुगंधी द्रव्य मिळते त्याच्या कित्येक पट ते अशा चरबीत उतरते. कारण बुडविलेले फूल तत्काळ मरते आणि चरबीवर ठेवलेले फूल देत राहते. आमच्याकडे चरबीच्या जागी तीळ होते. तीळ आणि ताजी फुले ह्यांचे थरावर थर द्यावयाचे, कोमेजलेली फुले काढून नवी घालावयाची, आणि तिळांनी पुरेसा गंध प्याला म्हणजे त्यांचे तेल गाळावयाचे. हेसेच्या कित्येक शतके आधी गांधिकाने फुलास मरू दिले नाही. त्याने कारण लिहून ठेवले नाही, पण रीत अचूक ठेवली.

गुलाबाचा स्वभाव निराळा. त्याचा गंध भपक्यात वाफेबरोबर निघतो. परंतु त्यातील फेनिलइथाइल अल्कोहोल नावाचा मुख्य घटक पाण्यात विरघळणारा असल्यामुळे तो अत्तरात थोडा उतरतो आणि बराचसा पाण्यातच राहतो. गुलाबपाणी हे अत्तराचे उरलेसुरले धुणे आहे असे जे समजतात, त्यांची ह्यात चूक होते. फुलाच्या गंधाचा एक मोठा अंश त्या पाण्यातच असतो. केशराचा पिवळा रंग क्रोसिन नावाच्या द्रव्याचा. तोही पाण्यात उतरतो, तेलात नाही. म्हणून जुन्या पाठांत केशर प्रथम दुधात किंवा काढ्यात मिसळून मग ते सर्व तेलात आटविण्यास सांगितले आहे. राधानगरी व गगनबावड्याच्या डोंगरउतारांवर हिवाळ्याच्या शेवटी तांबड्या फुलांनी लहडलेली धायटी दिसते. तिच्या फुलांत टॅनिनाचा भरपूर साठा असतो. वैद्य ती आसवारिष्टांत आंबविण्याच्या कामी घालतात; त्वचेच्या विकारांवर पोटात देण्याचे जे खदिरारिष्ट, त्यातही ती आहे. आणि घाट उतरून तळकोकणात गेले म्हणजे सुरंगी भेटते. तिच्या वाळलेल्या कळ्या बाजारात तांबडे नागकेशर म्हणून विकल्या जातात आणि एके काळी त्यांनी रेशीम रंगवीत असत. ह्याप्रमाणे कोणाचे सत्त्व तेलात, कोणाचे वाफेत, कोणाचे दुधात, तर कोणाचे आंबवणात सापडते. फूल कोणते ह्याइतकेच महत्त्व त्यातले काय कशात उतरते ह्यास आहे, आणि आमच्या मते जुन्या पुष्पविद्येचे सार हेच.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. जुने ते सर्व आपले, आणि आपले ते सर्व जुने, असे समजण्याचा मोह अशा विषयात फार होतो. दसऱ्यास ज्यावाचून आमचे दार शोभत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. रात्री दरवळणारा निशिगंधही तिकडचाच. युरोपीय लोकांनी अमेरिका गाठल्यानंतरच ही फुले आमच्याकडे पोचली. सोमेश्वराच्या स्नानगृहात त्यांतले एकही नव्हते. शेवंती पूर्वेकडून आली. ती आली, आम्ही ती देवास वाहिली, आणि ती आमची झाली. ह्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र झेंडूच्या अर्कावर ऋषिमुनींचे प्रमाणपत्र चिकटविणाऱ्यास इतिहासाचा आधार मिळणार नाही. पळसाची गोष्ट तशी नाही. तो ह्या भूमीचाच. बंगालमधील ज्या पलाशीच्या मैदानावर १७५७ साली हिंदुस्थानचे भवितव्य पालटले, त्या गावासही त्याचेच नाव आहे.

पळसाच्या इतिहासात एका पितापुत्रांची कथा गुंतली आहे. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन ह्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यास कोयनेल तयार करण्याच्या खटपटीत अचानक एक जांभळा रंग सापडला. कृत्रिम रंगांच्या युगाचा तो आरंभ. पुढल्या पन्नास वर्षांत मंजिष्ठा, नीळ, कुसुंबा ह्यांची शेती आणि त्यांवर जगणारे धंदे खचले, आणि रंगपंचमीच्या घागरीतून पळस हळूहळू हद्दपार झाला. ह्याच पर्किनचा पुत्र आर्थर जॉर्ज पर्किन ह्याने मात्र आपले आयुष्य वनस्पतींतील नैसर्गिक रंगांच्या अभ्यासास वाहिले. हमेल ह्या लीड्सच्या रंजनशास्त्रज्ञाबरोबर त्याने केलेले पळसफुलांचे पृथक्करण १९०४ साली प्रसिद्ध झाले. फुलात रंगहीन ब्यूटिन आणि पिवळे नारिंगी ब्यूटीन अशी जुळी द्रव्ये आहेत असे त्यांना आढळले. पित्याच्या शोधाने जे फूल बाजारातून उठले, त्याच्या पोटात काय होते ते पुत्राने जगास सांगितले!

पुढे हे काम हिंदी रसायनज्ञांनी हाती घेतले. १९३५ साली लाल व दत्त ह्यांनी फुलातून ब्यूट्रिन हे शर्कराबद्ध द्रव्य वेगळे केले, आणि १९४१ मध्ये राव व शेषाद्री ह्यांनी त्याची घडण निश्चित केली. ताज्या फुलात मुख्यतः आयसोब्यूट्रिन असते आणि फूल वाळताना त्याचे हळूहळू ब्यूट्रिन होते, असेही पुढे दिसून आले. पळसाच्या पाण्यात चिमूटभर चुना घातला की रंग एकदम गडद केशरी होतो, ही खेड्यातील बायकांची जुनी युक्ती. क्षाराच्या योगाने ह्याच जातीच्या द्रव्यांचा रंग खुलतो, हे तिचे कारण. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मनुष्यशरीरातील पेशींवर प्रयोग करून असे दिसले, की ब्यूट्रिन, आयसोब्यूट्रिन आणि ब्यूटीन ही तिन्ही द्रव्ये दाह उत्पन्न करणाऱ्या क्रियेस आवर घालतात. उन्हाळ्याच्या तोंडी अंगावर पळसाचे पाणी घ्यावे, ते थंड असते, असे जे वडीलधारी माणसे म्हणत, त्यास हा काहीसा दुजोरा म्हणता येईल. काहीसा असे आम्ही मुद्दाम म्हणतो. काचेच्या तबकडीतील पेशी म्हणजे जिवंत मनुष्याची कातडी नव्हे. शुद्ध द्रव्याचा जो गुण तबकडीत दिसला, तो घागरभर पाण्यात उतरलेल्या अंशाने त्वचेवर दिसेलच असे नाही. पळसाचे पाणी निरुपद्रवी आणि सुंदर आहे, इतके रंगपंचमीपुरते पुष्कळ झाले.

मराठीतही ह्या विषयाची अगदीच उपेक्षा झाली असे नाही. शंकर दाजीशास्त्री पदे ह्यांनी आपल्या ग्रंथांतून औषधींची माहिती घरोघरी पोचविली. डॉ. वामन गणेश देसाई ह्यांनी १९२७ च्या औषधिसंग्रहात जुने गुणधर्म आणि नवे रसायनशास्त्र एकाच पानावर आणून बसविले. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने सह्याद्रीच्या वनस्पतींची ओळख पटविण्याचे मोठे काम केले, श्री. यादव व श्री. सरदेसाई ह्यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे फूल ओळखणारे आहेत, त्यातले द्रव्य ओळखणारे आहेत, आणि जुने पाठ वाचणारेही आहेत. उणीव आहे ती ह्या तिघांस एकत्र बसविणाऱ्याची.

ती जागा तूर्त बाजाराने घेतली आहे. मध्यंतरी आम्ही एका दुकानात एक सुबक बाटली हाती घेऊन पाहिली. वेष्टनावर कमळ, मोगरा आणि केशर ह्यांची रंगीत चित्रे. खाली घटकांच्या यादीत प्रथम पाणी, मग तेले आणि घट्ट करणारी द्रव्ये, आणि अगदी शेवटी तिन्ही फुलांचे अर्क. यादीतील क्रम सामान्यतः प्रमाणाप्रमाणे उतरता असतो, हे ज्यास ठाऊक आहे त्यास त्या चित्रांचा अर्थ वेगळा सांगावयास नको. फूल तेथे होते ते नावापुरते. परंतु खरी फसवणूक आम्हांस प्रमाणात दिसत नाही, हिशेबात दिसते. गांधिकाने जे फूल सुखासाठी वापरले, त्यास वैद्याच्या औषधाचा मान देऊन ते विकले जाते. एकाच्या खात्यावरील रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. आमच्या कायद्यानेही ही दोन खाती निराळी ठेवली आहेत. १९४० च्या औषधविषयक कायद्यात १९६२ साली सौंदर्यप्रसाधनांचा समावेश झाला तेव्हा स्वच्छता आणि शोभा ह्यांसाठी अंगास लावावयाची ती प्रसाधने, रोग बरे करावयाची ती औषधे, असा भेद स्पष्ट केला गेला. चरक आणि गंगाधर ह्या दोघांसही हा भेद मान्य झाला असता.

फुलाचे ते सर्व निर्दोष, हा दुसरा भ्रम. गुलाबात आणि जाईत जी लिनालूल, जिरॅनिऑल ह्यांसारखी सुगंधी द्रव्ये असतात, त्यांनी कित्येकांच्या त्वचेस खाज सुटते. लिनालूल हवेत जुने झाले म्हणजे अधिकच. ह्या कारणास्तव युरोपीय संघाने २००३ साली २६ सुगंधद्रव्यांची नावे वेष्टनावर छापणे आवश्यक केले, आणि २०२३ साली ती यादी ८० च्या वर नेली. शेवंतीच्या कुळातील फुले हाताळणाऱ्या माळ्यांच्या आणि हार गुंफणाऱ्यांच्या बोटांस चट्टे पडतात, हेही वैद्यकास जुने आहे. त्याच कुळातील गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्याजवळ प्रथम दिसले आणि पुढे शेतकऱ्यांच्या कातडीस त्याने केवढे छळले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. निसर्ग हा कोणाचा सासरा नव्हे आणि मामाही नव्हे. कण्हेरीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नगरीतील लोकांस तरी हे वेगळे शिकवावे लागू नये.

मग ह्या विद्येचे करावे काय? तिचा उदोउदो करून भागणार नाही, आणि तिला थोतांड म्हणून सोडून देणे तर त्याहून वाईट. आम्हांस तीन गोष्टी सुचतात. पहिली, गंधवादाची मराठी टीका आजच्या मराठीत अर्थासह छापून निघावी. ती आमच्या भाषेतील धंदेशिक्षणाचे एक जुने पुस्तक आहे. दुसरी, वासन, भावन, पाचन हे शब्द पुन्हा चलनात यावेत. शब्द गेले की क्रियांमधला भेद जातो, आणि भेद गेला की बाटलीवरील अर्क ह्या एका शब्दात सर्व काही खपून जाते. तिसरी गोष्ट ह्या गावाने करावयाची आहे. जयसिंगपूरकडे हरितगृहांतून गुलाबांचे पीक निघते. ते फुलदाणीत टिकावे म्हणून जोपासलेले, गंधाशी त्यास फारसे कर्तव्य नाही. त्यास आमचा विरोध नाही. परंतु माळावरचा पळस, उतारावरची धायटी आणि परसातला मोगरा ह्यांतून काय उतरते, कशात उतरते, आणि कोणाच्या त्वचेस ते सोसते, ह्याची पद्धतशीर परीक्षा करण्यास कोल्हापूरइतके सोयीचे ठिकाण दुसरे कोठे सापडेल?

तोवर निदान एक गोष्ट प्रत्येकास करता येण्यासारखी आहे. येत्या फाल्गुनात पळसाची पडलेली फुले वेचावीत, रात्री पाण्यात भिजत घालावीत, सकाळी ते पाणी गाळून घ्यावे आणि थोडे हातावर लावून पाहावे. त्याने कोणी गोरा होणार नाही, कोणाचा रोग जाणार नाही. सायंकाळी मात्र अंग घासण्याचा सोहळा लवकर आटोपेल, आणि मुलांनी विचारले की हा रंग कोठून आला, तर झाडाकडे बोट दाखविता येईल.